बसण्यापुरतं

त्या वर्षी मीठ लवकर धरलं. थंडी सरते न सरते तोच वाफ्यांतलं पाणी दाट झालं, कडेकडेने पांढरी साय दिसू लागली आणि मुकादमाने वस्तीवर निरोप धाडला. मिठागरातलं काम जोडीचं असतं. एकाने लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून कडेला आणायचं, दुसऱ्याने ते पाटीत भरून बांधावर रास घालायची. बहुतेक जोड्या नवराबायकोच्या. जोडीतलं एक माणूस मोडलं की वाफे दुसऱ्या जोडीकडे जातात. त्यात कुणाला वाईट वाटून घ्यायलाही फुरसत नसते.

ठकीचे आईबाप उजाडताच वाफ्यात उतरत. ठकी खोपटात असे, आत्याच्या ताब्यात. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहिलेली. पोरगी जन्मली ती रडली नाही, निळी पडली, आणि पुढे हातपाय ताठच राहिले. लाकडी बाहुलीला म्हणतात तसं आत्यानेच तिला लाडाने ठकी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. आता ती नऊ-दहा वर्षांची होती. उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, घास भरवावा लागे. पण समजत सगळं होतं. हो म्हणायचं तर भुवया वर करी, नाही म्हणायचं तर तोंड फिरवी. कुणाच्या हातून भांडं पडलं, कुणी घसरून आपटलं, की तिला इतकं हसू येई की सगळं अंग कमानीसारखं ताणलं जाई. मुकादम एकदा बांधावरून चिखलात बसला तेव्हा तिला आवरता आवरता आत्याची पुरेवाट झाली होती. मुकादमाने ते अजून मनात ठेवलंय, असं बाप चेष्टेने म्हणे.

त्या हंगामात तिचं हसणं कमी झालं आणि किंचाळणं सुरू झालं.

मांड्या तिच्या आधीपासूनच एकमेकींना चिकटायच्या. आता त्या एकीवर एक चढल्या, मिटलेल्या कात्रीसारख्या. धुवायची वेळ आली की आई एक गुडघा धरी, आत्या दुसरा, आणि मधे ओलं कापड घालण्यापुरती फट पाडायला दोघींना घाम फुटे. फट पडली की ठकी किंचाळे. मांड्यांच्या आतली कातडी लाल होऊन सोलवटली होती, वास यायला लागला होता. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसू लागला होता. पुढे पुढे नुसतं कुशीवर वळवलं तरी ती ओरडायची.

मिठागर सपाट. आवाज अडवायला मधे एक झाड नाही. आई गुडघाभर खाऱ्या पाण्यात फळी ओढत असायची आणि ठकीचा आवाज पाण्यावरून सरळ तिच्या कानात यायचा. पहिल्या पहिल्यांदा ती फळी टाकून धावायची. मग बाप म्हणाला, असं धावून भागायचं नाही, आत्या आहे. तेव्हापासून ती मान खाली घालून ओढत राहायची. शेजारच्या वाफ्यातल्या बाईने एकदा विचारलं, पोरीला घरात कुणी मारतं का? विचारताना ती हसत नव्हती. आई नुसती नाही म्हणाली आणि दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

बापाचं म्हणणं होतं, हंगाम सरू दे, मग दाखवू. आईलाही ते पटत होतं. पण एका दुपारी डोक्यावर भरली पाटी घेऊन बांधावरून जाताना ठकीचा आवाज आला आणि मधेच तुटला. आईने पाटी तिथेच बांधावर उतरवली आणि खोपटाकडे निघाली. आत जाऊन बघते तर पोरीने स्वतःचा हात दातात धरला होता, मनगटावर वळ उठले होते, आणि आत्या तिच्यापाशी बसून नुसती रडत होती.

दुसऱ्या दिवशी मिठाच्या ट्रकमधून ती तिघं शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेली.

हाडांचे डॉक्टर वयाने फार नव्हते. बोलणं मवाळ. त्यांनी ठकीचे पाय हलकेच हलवून बघितले, हाडांचा फोटो काढायला लावला, आणि फोटो काचेवर लावून दोघांना जवळ बोलावलं. एक मूठ दुसऱ्या हाताच्या ओंजळीत ठेवून त्यांनी समजावलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं, ते खुब्याच्या खोबणीत बसतं. ठकीचे मांडीच्या आतले स्नायू सतत आवळलेले, ते वर्षानुवर्षं हाडाला ओढत राहिले. उजवा गोळा अर्धा बाहेर आला होता. डावा पुरता निसटला होता, आणि वर जाऊन भलत्याच हाडावर घासत होता. दुखत होतं ते त्यामुळे.

लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. दर काही महिन्यांनी फोटो काढायचा असतो. वेळेवर कळलं तर नुसते स्नायू सैल करूनही भागतं.

सांगितलं होतं. वस्तीवर येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, एकदा फोटोही काढला होता, तेव्हा सगळं ठीक होतं. पोरीला दुखत नव्हतं, म्हणून पुढे जाणं राहून गेलं. आई म्हणाली, "हंगाम असायचा." डॉक्टरांनी मान हलवली. पुढे ते त्यावर बोलले नाहीत, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं असं आईला वाटलं.

ऑपरेशन करावं लागेल, ते म्हणाले. दोन्ही बाजूंना. आवळलेले स्नायू सोडवायचे, मांडीचं हाड कापून त्याची दिशा फिरवून पट्टी आणि स्क्रूने परत जोडायचं, डाव्या बाजूची खोबण उथळ झाली आहे ती खोल करायची. मोठं काम आहे. रक्त द्यावं लागेल. आणि एक गोष्ट फोटोत नीट दिसत नाही. डावा गोळा किती झिजलाय ते आत गेल्यावरच कळेल. फारच झिजलेला निघाला तर बसवण्यात अर्थ नसतो, कापून काढून टाकावा लागतो. तसं करायलाही आत्ताच हो म्हणून ठेवावं लागेल.

बाप इतका वेळ फोटोकडे बघत होता. त्याने विचारलं, "मग चालेल ना ती?"

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "नाही. चालण्यासाठी नाही करत आपण हे. तिचं दुखणं थांबावं, तिला नीट बसता यावं, तुम्हाला तिला धुता यावं, यासाठी."

"पाय सरळ होतील पण."

"वेगवेगळे होतील," डॉक्टर म्हणाले.

बापाने मान डोलावली. सही केली, शाळेत गिरवलेल्या अक्षरांत, एकेक अक्षर वेगळं. पण परत येताना ट्रकमध्ये तो ड्रायव्हरला सांगत होता की हाडं काढून पुन्हा बसवणार आहेत, पाय सरळ होणार आहेत. वस्तीवर पोचेपर्यंत त्या बोलण्याला पाय फुटले. पोरगी उभी राहणार असं बाया म्हणायला लागल्या. शेजारच्या बाईने आपल्या मुलीच्या जुन्या चपला आणून दिल्या. आईने त्या घेतल्या आणि कोपऱ्यात ठेवल्या. खरं काय ते सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण बापाचं तोंड बघून तिने ते गिळलं.

तारीख मिळाली ती ऐन भरातली. मीठ रोज ओढावं लागत होतं, एक दिवस राहिलं तर तळाला घट्ट बसायचं. बाप मुकादमाकडे गेला, मागोमाग आत्याही. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर माणसं होती. तो म्हणाला, हंगाम सरल्यावर करा. बापाने सांगितलं की ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नाही, आणि हाड थांबत नाही. मग जोडीचं काय, मुकादमाने विचारलं. तेव्हा आत्या पुढे आली. म्हणाली, मी उतरते भावाबरोबर.

मुकादमाने तिच्या पायांकडे बघितलं. आत्याचे गुडघे वाकडे झालेले, ती वाफ्यात उतरून किती वर्षं झाली होती हे तिलाही सांगता आलं नसतं. "बघ बाई," एवढंच तो म्हणाला.

म्हणून दवाखान्यात आई एकटीच राहिली. ऑपरेशनच्या दिवशी बाप यायचा होता. पण पहाटेपासून आभाळ भरून आलं, आणि अवेळी पाऊस पडला तर वाफ्यात उघडं पडलेलं सगळं मीठ विरघळून जातं. वस्तीवरची सगळी माणसं रास झाकायला आणि उरलंसुरलं ओढायला धावली, त्यात तोही धावला. पाऊस शेवटी आलाच नाही. आईला हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी ती नुसती दाराकडे बघत होती.

ठकीला आत न्यायला आले तेव्हा तिने आईच्या बाहीला पकडलं होतं. तिच्या मुठी सहसा उघडत नसत, आणि एकदा मिटल्या की सोडवायला वेळ लागे. सिस्टरने एकेक बोट सोडवलं. सिस्टर तिच्याशी हळू बोलत होती, घाबरू नकोस म्हणत होती. ठकीने तोंड फिरवलं. तिचं नाही म्हणणं ते, पण तिथे ते आईशिवाय कुणाला कळणार नव्हतं. आईने ते बघितलं. गाडी आत गेली, दार लागलं.

व्हरांड्यात बाकावर आई बसून राहिली. तिच्या तळपायांना मिठाच्या भेगा होत्या आणि फरशी इतकी स्वच्छ होती की तिने पाय बाकाखाली ओढून घेतले. शेजारी एक बाई होती, तिच्या नवऱ्याचा हात मशिनीत सापडला होता. तिने विचारलं, तुमचं कोण? मुलगी, आई म्हणाली. पडली का? नाही, आई म्हणाली, आणि परत दाराकडे बघू लागली.

ऊन व्हरांड्यातून पार निघून गेलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर उठला होता. उजवी बाजू छान झाली, ते म्हणाले. डावा गोळा एका अंगाने चपटा झाला होता, वरची गुळगुळीत साय घासून गेली होती. काढून टाकावा की ठेवावा याचा त्यांनी आत बराच विचार केला. वय लहान आहे म्हणून ठेवला, बसवला. टिकेल असं खात्रीने सांगता येत नाही.

"दुखायचं थांबेल?" आईने विचारलं.

"उजव्या बाजूचं थांबेल. डाव्याचं बघावं लागेल."

ठकीला बाहेर आणलं तेव्हा आईने तिला चेहऱ्यावरून ओळखलं, बाकी ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. छातीपासून दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय लांब फाकवलेले, आणि ते तसेच राहावेत म्हणून मधे आडवी काठी बांधलेली. मधे शी-शूसाठी जागा कापलेली. अंग आतून आवळत होतं. तिचे स्नायू झोपेतही आवळायचे, आणि आता आवळायला वाव नव्हता, तर ते प्लास्टरच्या आत झटके मारत. प्रत्येक झटक्याला ती डोळे उघडी. औषधं देत होते, त्याने ती गुंगीत जाई. आई तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत राही. भुवया वर होत नव्हत्या आणि तोंडही फिरत नव्हतं. ती आईकडे बघायची आणि नुसती बघायची.

घरी पाठवताना सिस्टरने सगळं शिकवलं. कसं वळवायचं, कडा कशा कोरड्या ठेवायच्या, आत काही खुपसून खाजवायचं नाही, बोटं निळी पडली तर लगेच आणायचं, घास छोटा द्यायचा आणि डोकं उंच ठेवून द्यायचा. आईने सगळं परत म्हणून दाखवलं.

ट्रकच्या हौद्यात मिठाच्या रिकाम्या पोत्यांवर ठकीला ठेवून आणली. खोपटाशी पोचल्यावर कळलं की ती दारातून आत जात नाही. पाय फाकलेले, दार अरुंद. बापाने तिला आडवी धरून बघितली, मग तिरपी, मग एक पाय आधी आत घालून. प्रत्येक वेळी काठी चौकटीला अडे आणि ठकी ओरडे. वस्तीवरची माणसं गोळा झाली होती. उभी राहणारी पोरगी बघायला आलेली माणसं ती. कुणी म्हणालं, अशी वळव, कुणी म्हणालं, तशी वळव. मग बापाने तिला परत आईच्या हातात दिली, पहार आणली, आणि चौकटीशेजारचा पत्रा खिळ्यांसकट उचकटून काढला. तेवढ्या भगदाडातून तिला आत घेतली. तिथे मग पोतं टांगलं, आणि खारा वारा त्यातून दिवसभर आत येत राहिला.

पुढचे दिवस आईला आठवतात ते वासाने. उन्हाने पत्रा तापायचा, प्लास्टरच्या आत घाम, कडांना कितीही जपलं तरी ओल लागायचीच. आई पंख्याने छातीच्या बाजूने आत वारा घालायची. दर थोड्या वेळाने पालथी, मग उताणी. एकटीने वळवायचं म्हणजे प्लास्टरसकट सगळं वजन पोटावर घ्यायचं. शेजारची बाई हाक मारली की यायची, पण तिचेही वाफे होते. टाचेपाशी कडेला कातडी लाल झाली, मग फुटली. आईने तिथे मऊ कापूस घातला. ठकीला शौचाला होईना, पोट टम्म, तर त्यासाठी औषध. मऊ भात भरवायला गेलं की तोंड मिटून घ्यायची. आई भांडं मुद्दाम जमिनीवर पाडायची, एकदा, दोनदा. पोरगी आवाजाच्या दिशेने बघायची, बस.

तिकडे आत्या वाफ्यात उतरत होती. पहिल्या आठवड्यातच तिच्या पायांची कातडी सोलली, त्यात मीठ गेलं. ती संध्याकाळी दारात बसून पाय गोड्या पाण्यात सोडायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. बापच एक दिवस तिला म्हणाला, "अक्का, पुरे झालं." ती म्हणाली, तुझी जोडी मोडली तर खाशील काय. पण ती पाटी अर्धीच भरायची, आणि अर्धी पाटी मुकादमाला लांबूनही दिसते. मग त्याने त्यांचे खालचे वाफे दुसऱ्या जोडीला दिले. सांगायला स्वतः आला नाही. सकाळी बाप गेला तर तिथे दुसरा माणूस फळी ओढत होता. त्याने बापाकडे बघून मान हलवली, बापानेही हलवली, आणि तो वरच्या वाफ्याकडे गेला.

प्लास्टर काढायला गेले तेव्हा बाप बरोबर होता. घरघरणारी फिरती करवत बघून ठकीचं सगळं अंग ताठ झालं. कातडीला कापत नाही, फक्त कंप होतो, असं सिस्टर सांगत होती, पण तो आवाज ऐकून बापच एक पाऊल मागे सरला. टरफल निघाल्यासारखं प्लास्टर दोन भागांत निघालं. आतले पाय काटकुळे, पांढरेफटक, सालपटं निघालेले. मांड्यांवर लांब व्रण. पण ते पाय वेगळे पडले होते. एक इकडे, एक तिकडे, मधे मोकळी जागा.

आईने तिथेच कोमट पाणी मागून घेतलं. कापड भिजवून पिळलं आणि मांड्यांच्या मधे घातलं, सावकाश, जीव मुठीत धरून. ठकी ओरडली नाही. आईने सगळीकडे पुसलं, परत कापड भिजवलं, परत पुसलं. पुसायचं काही राहिलं नव्हतं तरी ती पुसत राहिली. बाप बाजूला उभा राहून त्या पायांकडे बघत होता.

डॉक्टरांनी बजावलं. हाडं इतके दिवस पडून कच्ची झाली आहेत. जपून उचला, पायावर भार देऊ नका. बापाने हे ऐकलं. आई नंतर कितीदा तरी आठवून बघायची, त्याने ऐकलं होतं का. ऐकलं होतं.

घरी आल्यावर चार-दोन दिवस बरे गेले. ठकी आत्याला टेकून थोडी थोडी बसू लागली. वस्तीतली माणसं यायची, पाय बघायची, सरळ झाले की म्हणायची. आणि जाताना विचारायची, मग आता?

दुपारची वेळ होती. आई गोड्या पाण्याच्या पंपावर कपडे धूत होती, आत्या पायांना औषध लावून पडली होती. बाप जेवायला आला होता. आई ओल्या कपड्यांचा पिळा खांद्यावर टाकून परत आली, भगदाडावरचं पोतं बाजूला केलं, आणि तिला ते दोघे दिसले. बापाने ठकीला काखेत हात घालून उभी धरली होती. तिच्या पायांत शेजारच्या मुलीच्या त्या जुन्या चपला होत्या. तो तिच्या कानात हळू आवाजात काहीतरी म्हणत होता, आणि तिचं वजन सावकाश, अगदी सावकाश खाली सोडत होता.

आई बोलायच्या आत आवाज झाला. फार मोठा नाही, वाळकी काडी मोडावी एवढा. ठकीचं तोंड उघडलं आणि बराच वेळ त्यातून काही बाहेर आलं नाही. मग आलं.

उजवा पाय होता तो. चांगला झालेला. गुडघ्याच्या वर मांडी भलतीकडेच वळली होती.

बापाने तिला खाली ठेवलं नाही, वर उचललंही नाही, तसाच धरून उभा राहिला. आईने पुढे होऊन ओले हात तिच्याखाली घातले आणि दोघांनी मिळून तिला आडवी केली. बाप म्हणाला, "एकदाच बघत होतो." आईने चपला काढल्या. ट्रक कुठे आहे बघा, असं ती त्याला म्हणाली.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. नवा फोटो लावून बघत त्यांनी विचारलं, कसं झालं?

बापाने तोंड उघडलं. त्याच्या आधी आई म्हणाली, "कपडे घालताना. माझ्या हातून."

डॉक्टरांनी मान हलवली. हे होतं, ते म्हणाले. प्लास्टरमधून निघालेल्या मुलांमध्ये होतं, नुसत्या कपडे घालण्यानेही होतं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची चूक नाही ही."

हे ते आईकडे बघून म्हणत होते. बाप उठला आणि व्हरांड्यात गेला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलं होतं, केसांतून पाणी गळत होतं.

पुन्हा प्लास्टर, या वेळी फक्त एका पायाला. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये ठकी औषधाने झोपली होती. बाप म्हणाला, "मी सांगणार होतो."

"सांगून काय झालं असतं," आई म्हणाली. ती रागावली नव्हती. रागवायला जेवढं बळ लागतं तेवढं तिच्यात शिल्लक नव्हतं, आणि पोरीचं डोकं धक्क्यांनी आपटू नये म्हणून तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

हंगाम तसाच सरला. मांडी जुळली. चपला आईने शेजारणीला परत दिल्या, आणि शेजारणीने काही न विचारता घेतल्या.

पुढच्या हंगामाला जोड्या लागल्या त्यात त्यांची जोडी नव्हती. मुकादमाने त्यांना गोदामात घेतलं, पोती भरायला आणि शिवायला. वाफ्यापेक्षा हलकं काम, म्हणून कुणी मानाचं धरत नाही, म्हातारी माणसं करतात. पण गोदामात सावली होती आणि ठकीला जवळ ठेवता येत होतं. दवाखान्यातून पट्ट्यांची खुर्ची मिळाली होती. छातीला एक पट्टा, कमरेला एक, गुडघ्यांच्या मधे लाकडी ठोकळा. सकाळी आई तिला धुवून, केस बांधून खुर्चीत बसवायची. उजवा खुबा दुखत नव्हता. डाव्याचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर बराच वेळ बघत राहिले होते. गोळा जागेवर आहे, ते म्हणाले, पण झिजतोय. अगदीच असह्य झालं तर काढू. तोवर औषध द्यायचं, आणि दुखलं की आडवी करायची.

एक दिवस हमालांमध्ये नवा माणूस आला. पाठीवर पोतं घेऊन जाता-येता तो ठकीकडे बघायचा. पाणी प्यायला थांबला तेव्हा त्याने बापाला विचारलं, ही चालत नाही का?

"नाही," बाप म्हणाला. सुतळी ओढून त्याने गाठ मारली. "बसते."

हमालाने पाणी प्यायलं आणि तो कामाला लागला.

जेवणं झाली आणि थोड्या वेळाने ठकीच्या वरच्या ओठावर घाम आला. पट्ट्यातच तिचं अंग डावीकडून आखडायला लागलं. बापाच्या ते आधी लक्षात आलं. सुई पोत्यातच खोचून तो उठला. पट्टे सोडले, एक हात पाठीमागे, एक दोन्ही मांड्यांखाली, गुडघे वेगळे ठेवून, सिस्टरने शिकवलं होतं अगदी तसं, त्याने तिला उचललं आणि भरलेल्या पोत्यांवर आडवी केली. गुडघ्यांच्या मधे गुंडाळलेलं गोणपाट ठेवलं. औषध आधीच देऊन झालं होतं, दुसरं संध्याकाळशिवाय देता येत नव्हतं. ती तोंड पोत्यात दाबून कण्हायला लागली. तो तिथे उभा राहिला. तिच्या केसांना लागलेले मिठाचे कण त्याने झटकले, मग परत उभा राहिला, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा जागेवर येऊन बसला.

आईने पुढचं पोतं त्याच्यासमोर ओढलं आणि तोंड जुळवून धरलं. त्याने सुई काढून दोरा ओवला. कण्हणं थांबायला वेळ लागे. तोवर दोघं एकमेकांकडे न बघता पोती शिवत राहायची.